भुईगावचा दगड आणि ग्रंथपालाची नजर

१/
इ.स. १९५६. वसई तालुक्यातील समुद्रकाठचे गाव भुईगाव. तेथे काळ्या बेसाल्टचा एक तुटका तुकडा हाती आला. त्यावर ब्राह्मी लिपीत काही ओळी कोरलेल्या होत्या. तो सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा अंश होता. सुमारे बावीसशे वर्षे तो कोकणाच्या पावसात उभा किंवा आडवा पडून होता. त्याला प्रकाशात आणले एन. ए. गोरे यांनी. गोरे हे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते.

ग्रंथपाल! ज्या पदाला आज महाराष्ट्रातील गावोगावच्या वाचनालयांत शेतमजुराइतकेही मोल उरलेले नाही, ते पद. हा धागा त्या दगडापासून सुरू होतो आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानापर्यंत जातो.

२/
या धाग्याचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. महाराष्ट्र शासन मराठीचे सोहळे करते. पण ज्या कपाटांत गावांचा इतिहास उरला आहे त्या कपाटांना उपाशी ठेवते, आणि या उपासमारीला ‘अनुदानवाढ’ असे नाव देते.

हे विधान कठोर वाटेल. म्हणून पुढे आकडे आहेत, कायद्यांची नावे आहेत आणि विरुद्ध बाजूचे आक्षेपही आहेत. वाचकाने ते तपासावेत आणि मगच सहमत व्हावे.

३/
आधी पार्श्वभूमी. भुईगावपासून जवळच सोपारा आहे. प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. स्तूप उघड झाला. त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. भगवानलालांनी या साऱ्याचा वृत्तांत लिहिला आणि तो एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला गेला.

पहिल्या तुकड्यानंतर दुसरा मिळेपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षे लोटली. या काळात पहिल्या शोधाचे छापील पान कोणाच्या तरी फडताळात सुरक्षित राहिले. दगड जमिनीतून वर येतो, पण त्याची ओळख पुस्तकातून पटते. ते पान नसते तर भुईगावचा तुकडा एखाद्या विहिरीच्या कठड्यात बसवला गेला असता आणि कोणाचे काही बिघडले नसते.

४/
आता त्या नवव्या शिलालेखात काय आहे ते पाहू, कारण या वादाचा गाभाच तेथे आहे. अशोक सांगतो ते थोडक्यात असे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मुलाच्या जन्मावेळी, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्ये करतात. ती करायला हरकत नाही, परंतु त्यांचे फळ अल्प असते. ज्याचे फळ मोठे, ते धर्ममंगल वेगळे आहे. दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण आणि ब्राह्मण यांना दान, हे ते धर्ममंगल.

सोहळा आणि आचरण यांतला भेद इतक्या स्वच्छपणे सांगणारा मजकूर भुईगावच्या मातीत मिळावा, हा योगायोग आहे. पण आजच्या महाराष्ट्राला त्याहून नेमका आरसा मिळणे कठीण.

५/
मंगलकार्यांची यादी करू. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव. साहित्य संमेलनात ग्रंथदिंडी, पालखीत पोथी, पुढे लेझीम. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले, फलक लागले. यांतले काहीही वाईट नाही. अशोकाच्या भाषेत ते करायला हरकत नाही.

पण अभिजातता सिद्ध करण्यासाठी पुरावे लागले ते कोठून आले? शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते, जुन्या छापील प्रती यांतून. म्हणजे कोणीतरी जपलेल्या कागदांतून आणि दगडांतून. पालखीत बसलेल्या पोथीला दिंडी संपल्यावर कोठे ठेवायचे, हा प्रश्न दिंडीत कोणी विचारत नाही.

६/
महाराष्ट्राची ग्रंथालयपरंपरा लहान नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. भुईगाव तेव्हा आणि पुढे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. १९३९ साली मुंबई सरकारने फैजी समिती नेमली आणि तिने राजधानीपासून खेड्यापर्यंत पायरीपायरीने ग्रंथालये उभारण्याची योजना मांडली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला. तो देशातील पहिला. पुढे ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ आला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला.

परंपरेचा अभिमान योग्यच आहे. पण पूर्वजांनी बांधलेल्या वाड्याचे भाडे खाऊन त्याची कौले न बदलणाऱ्या वारसाला कोणी कर्तबगार म्हणत नाही.

७/
या कायद्याखाली राज्यात बारा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास यांवरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. गावची बहुतेक वाचनालये खालच्या वर्गांत मोडतात.

‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ नंतर वर्षाला ३० हजार रुपये मिळत. म्हणजे महिन्याला अडीच हजार. यातच ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि गळत्या छपराची डागडुजी. हा दर दहा वर्षे हलला नाही. २०२२ साली शासनाने ६० टक्के वाढ जाहीर केली. ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार.

८/
‘६० टक्के वाढ’ हे शब्द ऐकायला भरघोस आहेत. आता शासनाचाच दुसरा आकडा शेजारी ठेवू. केंद्र सरकारचा किरकोळ किमतींचा निर्देशांक तेव्हा २०१२ हे वर्ष १०० धरून मोजला जात होता. २०२२ सालाच्या अखेरीस तो १७५ च्या पुढे गेला होता. याचा साधा अर्थ असा : २०१२ सालच्या ३० हजारांची खरेदीशक्ती टिकवायलाच २०२२ मध्ये साडेबावन्न हजार लागत होते. दिले गेले ४८ हजार.

म्हणजे वाढ जाहीर झाली त्या दिवशी ग्रंथालय दहा वर्षांपूर्वीपेक्षा गरीब होते. मधल्या दहा वर्षांत दरवर्षी जे झिजत गेले ते वेगळेच. ही कपात कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेली नाही. ती काहीही न करण्यातून झाली. म्हणूनच तिच्याविरुद्ध मोर्चा काढणेही अवघड.

९/
या व्यवस्थेत राज्यभरातील वीस हजारांहून अधिक कर्मचारी राबतात. त्यांच्यात आयुष्यभर अर्धवेळ मानधनावर काम करून रिकाम्या हाताने निवृत्त होणारे आहेत. भुईगावच्या शिलालेखात धर्ममंगलाची जी यादी आहे, तिचा आरंभ सेवकांशी योग्य वर्तन येथून होतो. अभिजात भाषेच्या राज्याने हा पहिला शब्दच वाचायचे टाळले आहे.

आणि सेवक उपाशी असला की संग्रह आधी मरतो. चार हजारांत संध्याकाळी दोन तास कुलूप उघडणारा माणूस वर्तमानपत्रे मांडील, पुस्तकांची देवघेव करील. जुन्या कपाटातली कसर झाडायला, ओल चढलेले गठ्ठे उन्हात घालायला त्याच्याकडे वेळ कोठून येणार?

१०/
आर्थिक ओढाताणीत सर्वांत आधी काय जाते? ज्याची मोजदाद होत नाही ते. अनुदानाचे नियम ग्रंथांची संख्या मोजतात. ग्रंथाचे दुर्मीळपण मोजत नाहीत. दहा प्रतींत उपलब्ध असलेली नवी कादंबरी आणि जगात एकच प्रत उरलेली गावच्या सहकारी सोसायटीची स्मरणिका, या दोन्हींना दाखल नोंदवहीत एकेकच क्रमांक मिळतो. स्मरणिकेला तर बहुधा तोही नाही. ती ‘पुस्तक’ नव्हे म्हणून.

मग जागा कमी पडते. जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन करण्याची रीतसर पद्धत आहेच. यादी होते, ठराव होतो, गठ्ठे रद्दीत जातात. नियमभंग कोणीही केलेला नसतो. इतिहास मात्र किलोच्या भावाने गेलेला असतो.

११/
‘स्थानिक इतिहासाचा संग्रह’ म्हणजे नेमके काय, हे तरुण वाचकांसाठी स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्यात सोन्याची मोहर नसते. त्यात असतात : शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब, चर्चच्या शताब्दीचा अंक, लग्नगीतांची हातवही, केळी आणि पानवेलीच्या बागायतदारांच्या संघाचे इतिवृत्त, निवडणुकीची पत्रके, हरित वसईच्या आंदोलनातील हस्तपत्रके, सामवेदी अर्थात कादोडी बोलीत किंवा वाडवळीत लिहिलेली एखादी नाटिका, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे विस्कळीत अंक.

यांतला प्रत्येक कागद एकटा पाहिला तर क्षुल्लक वाटतो. एकत्र ठेवला तर वसईच्या पट्ट्यात माणसे काय पिकवीत, काय गात, कशासाठी भांडत, कोणाशी समेट करीत, हे सांगणारे दुसरे साधन नाही.

१२/
दुसरे साधन का नाही? कारण राज्यकर्त्यांचे कागद राज्यकर्त्यांबरोबर प्रवास करतात. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांनी गावांच्या उत्पन्नाच्या नोंदी केल्या; सिमाँव बोतेल्यु यांचा १५५४ चा ‘तोंबो’ त्यांतलाच, आणि तो १८६८ साली छापला गेला लिस्बनमध्ये. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मराठी राजवटीचा पत्रव्यवहार पुण्याच्या पेशवे दप्तरात. इंग्रजांचे कागद मुंबईच्या अभिलेखागारात आणि लंडनमध्ये.

या तिन्ही दप्तरांत गाव दिसते ते सारादेणाऱ्याच्या रूपात. किती खंडी भात, किती रुपये थकबाकी. गाव स्वतःविषयी काय म्हणत होते, हे लिस्बनला ठाऊक नाही, पुण्याला नाही, लंडनलाही नाही. ते फक्त गावातल्या कपाटात आहे. ते कपाट गेले की पोर्तुगीज कारकुनाचा शब्द अखेरचा ठरतो.

१३/
जपलेला कागद काय करू शकतो याचे उदाहरण याच प्रदेशाचे आहे. ‘महिकावतीची बखर’. केळवे-माहीमपासून मुंबईपर्यंतच्या उत्तर कोकणातील राजवटी, वस्त्या आणि जातिकुळे यांची हकिकत सांगणारा हा ग्रंथ. त्याचा काही भाग पंधराव्या शतकातला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२४ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला.

राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे केले ते गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून. त्यांच्या आधी शेकडो अनामिक लोकांनी त्या पोथ्या, ती दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरली होती. आज माळे असलेली घरे पाडून तेथे सात मजले उभे राहत आहेत. दप्तर ठेवण्याचा माळा संपला. त्याची जागा घ्यायला हवी होती ती सार्वजनिक ग्रंथालयाने.

१४/
न जपलेल्या ग्रंथाचे काय होते, याचेही उदाहरण मराठीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. १६१६ साली गोव्यात रायतूरच्या छापखान्यात ते रोमन लिपीत छापले गेले. सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तीन आवृत्त्या! आज त्यांतली एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखित नकलांमुळे. १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती निघाली, आणि देवनागरीतील एक हस्तलिखित तर लंडनच्या संग्रहात सापडले.

मराठीतील आरंभीच्या मुद्रित ग्रंथांपैकी एकाची ही गत. ज्या वसईच्या ख्रिस्ती समाजाने मराठीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा साहित्य संमेलनाध्यक्ष दिला, त्याच्या गावोगावच्या मराठी छापील वाङ्मयाची नोंद चारशे वर्षांनंतर तरी व्हावी की नाही?

१५/
येथे एक कायदा पुढे केला जाईल. ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती चार ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. कोणती चार? कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय.

कायद्याची ही रचना लक्षपूर्वक पाहावी. वसईत कोणी भुईगावचा इतिहास छापला तर त्याची प्रत कायद्याने चेन्नईला जाते. वसईच्या ग्रंथालयात ती पोहोचावी अशी अट मात्र कोठेच नाही. भुईगावच्या मुलाने आपल्या गावाविषयीचे पुस्तक वाचायला कन्नेमाराच्या पायऱ्या चढायच्या काय? आणि स्मरणिका, पत्रके, इतिवृत्ते यांना तर हा कायदा व्यवहारात शिवतही नाही.

१६/
दुसरा कायदा : महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. तो शासकीय अभिलेखांसाठी आहे. संस्थांचे, मंडळांचे, घरांचे कागद त्याच्या कक्षेबाहेर. पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या शहरांत. पालघरला नाही.

वसईचा कारभार गेल्या काही वर्षांत दोनदा बदलला. २००९ साली महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक बदलात कागद हलतात, खोल्या रिकाम्या होतात, जुने गठ्ठे ‘तात्पुरते’ कोठेतरी ठेवले जातात. अशा काळात स्थानिक संग्रहाची गरज दुपटीने वाढते. नेमक्या त्याच काळात, २०१२ ते २०२२, अनुदान गोठलेले होते.

१७/
ब्रिटनचा दाखला देणारे आता पुढे येतील. तेथेही काटकसरीच्या धोरणात २०१० ते २०१९ या काळात आठशेच्या आसपास ग्रंथालये बंद पडली. खरे आहे, आणि ती तेथील लाजिरवाणी गोष्ट आहे. पण एक फरक ध्यानी घ्यावा. तेथे बहुतेक परगण्यांत स्वतंत्र अभिलेखागार आहे. ग्रंथालयाचे दार बंद झाले तरी परगण्याचे जुने कागद ठेवण्याची दुसरी इमारत उभी असते.

महाराष्ट्रात जिल्हावार अशी दुसरी इमारत नाही. गावचे वाचनालय हेच गावचे अभिलेखागार. त्यामुळे येथे वाचनालय बंद पडते तेव्हा एका वेळी दोन संस्था मरतात, आणि शासनाच्या वहीत मात्र ‘ड वर्ग, एक’ एवढेच कमी होते.

१८/
५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. ग्रंथ फाडले गेले, हस्तलिखिते विस्कटली गेली. देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. त्या हल्ल्याला तारीख आहे, छायाचित्रे आहेत.

वाळवीच्या हल्ल्याला तारीख नसते. गळक्या कौलातून चार महिने टपकणाऱ्या पाण्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे आपोआपच ठिसूळ होत जातो. किनाऱ्यावरची खारट दमट हवा त्याला मदत करते. दंगलखोरांनी एका सकाळी केले ते दुर्लक्ष शांतपणे वीस वर्षांत करते. पहिल्यासाठी गुन्हा नोंदवला जातो. दुसऱ्यासाठी लेखापरीक्षणात शेराही नसतो.

१९/
आता आक्षेप. पहिला : अनेक ग्रंथालये कागदावरच आहेत, अनुदान लाटले जाते. हा आक्षेप निराधार नाही. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी झाली आणि त्रुटी आढळल्या. दोषी संस्थांची मान्यता जावी, याविषयी दुमत नसावे.

पण पुढे काय झाले? नव्या मान्यता आणि दर्जावाढ दीर्घकाळ थांबल्या आणि प्रामाणिक ग्रंथालयांचे अनुदानही तेथेच गोठले. चोर सापडले म्हणून गावाचे रेशन बंद करण्याचा हा न्याय. शिवाय बोगस ग्रंथालय ओळखण्याची उत्तम कसोटी स्थानिक संग्रह हीच आहे. बाजारातून तीनशे पुस्तके एका दिवसात आणता येतात. गावच्या साठ वर्षांच्या स्मरणिका एका दिवसात आणता येत नाहीत. शासनाने तीच कसोटी कधी लावली नाही.

२०/
दुसरा आक्षेप : आता सर्व काही संगणकावर आहे, कपाटे कशाला? राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ आणि नियतकालिके महाजालावर आणली, हे काम मोलाचे आहे. परंतु तेथे काय आले? जे मोठ्या ग्रंथालयांनी आधीच जपले होते ते. जे जपलेच नाही त्याची प्रतिमा कोणते यंत्र घेणार?

अंकीकरण हा जतनाचा पुढचा टप्पा आहे, पर्याय नव्हे. आधी कागद हवा, मग त्याची सूची हवी, मग मोडी वाचणारा किंवा कादोडी समजणारा माणूस हवा. नाव, साल, गाव यांची नोंद नसलेली दहा हजार छायाचित्रे ही एका चकतीवरची रद्दीच.

२१/
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : रुग्णालये, शाळा, पाणी यांना पैसा पुरत नाही, तेथे जुन्या कागदांना कोठून द्यायचा? उत्तर कायद्यात आहे, आणि ते इतर राज्यांनी फार पूर्वी शोधले. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर आणला. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात आणला. तेथे मालमत्ता कराच्या दर रुपयामागे ६ पैसे ग्रंथालयांसाठी घेतले जातात. केरळच्या १९८९ च्या कायद्यातही तशी तरतूद आहे.

महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. म्हणून येथील ग्रंथालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दारात हात पसरून उभे असते. वसई-विरारमध्ये रोज नव्या इमारती उभ्या राहतात आणि प्रत्येक सदनिकेवर कर बसतो. ज्या वाड्या तोडून त्या उभ्या राहिल्या, त्यांच्या स्मृतीसाठी त्या करातले काही पैसे मागणे अन्याय्य कसे?

२२/
उपकर ही जादूची कांडी नाही, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे. कर्नाटकात महानगरपालिका ग्रंथालयांच्या नावाने उपकर गोळा करतात आणि तो ग्रंथालयांकडे वेळेवर वळता करीत नाहीत, ही तेथील जुनी तक्रार आहे. पण त्या तक्रारीतच उपकराचे बळ आहे. थकबाकी मागता येते, न्यायालयात जाता येते. महाराष्ट्रातील ग्रंथालयाला थकबाकी मागण्याचाही अधिकार नाही. त्याच्या वाट्याला आहे ती कृपा.

२३/
तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात.
अ) अनुदान महागाईच्या निर्देशांकाशी जोडावे, दहा वर्षांनी एकदा उपकार नको.
आ) वर्गवारीच्या नियमांत स्थानिक इतिहास संग्रहाला स्वतंत्र गुण आणि स्वतंत्र निधी असावा.
इ) गावाशी संबंधित कोणत्याही छापील वा हस्तलिखित कागदाचे निर्लेखन जिल्हा पातळीवरच्या तपासणीशिवाय होऊ नये.
ई) जिल्ह्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची आणि स्मरणिकेची एक प्रत त्या तालुक्याच्या ग्रंथालयाला देणे बंधनकारक करावे.
उ) शहरी भागांत ग्रंथालय उपकर लागू करावा आणि त्याचे खाते स्वतंत्र ठेवावे.
ऊ) पालघर जिल्ह्यात अभिलेखागार व्हावे.
यांतली एकही मागणी राज्याचे दिवाळे काढणारी नाही.

२४/
इतिहासप्रेमी तरुणांनाही येथे एक बोल लावणे भाग आहे. किल्ल्यावर जाऊन ध्वज लावणारे शेकड्यांनी आहेत, ते जावेतच. पण वसईच्या किल्ल्याची एक चित्रफीत टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गावच्या वाचनालयाचे शेवटचे कपाट उघडून पाहिले आहे? शासन सोहळे करते, हा आरोप करण्याआधी आपलाही इतिहासप्रेम हा सोहळाच तर नाही ना, हे प्रत्येकाने तपासावे.

काम अवघड नाही. रविवारी दोन तास. दाखल नोंदवहीतील जुन्या नोंदींची यादी, स्मरणिकांची वेगळी सूची, प्रत्येक मुखपृष्ठाचे छायाचित्र, आजीकडून गीतांची वही उतरवून घेणे. घर रिकामे करताना रद्दीवाल्याच्या आधी ग्रंथपालाला बोलावणे. सभासद होऊन वर्गणी भरणे. कारण सभासदसंख्येवरही वर्ग ठरतो. आणि ही सूची घेऊन ग्रामसभेत, नगरसेवकासमोर, आमदारासमोर उभे राहणे.

२५/
भुईगावचा तो दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याच्या तुकड्याच्या सोबतीने सुरक्षित आहे. तो वाचला, कारण त्याच्यासमोर वाचू शकणारा माणूस उभा होता, आणि त्या माणसाच्या पाठीशी दीडशे वर्षे जपलेले ग्रंथालय होते. ते ग्रंथालयही आज स्वतःचे जीर्ण ग्रंथ वाचवायला देणगीदारांना ग्रंथ दत्तक घ्यायला सांगते.

भुईगावच्या जमिनीत, माळ्यावर, पेटीत अजून काय आहे, कोणी सांगावे? एखाद्या दिवशी ते बाहेर येईल. तेव्हा ते ओळखणारा ग्रंथपाल गावात असेल की नाही, याचा निर्णय मात्र आजच होतो आहे. महिन्याला चार हजार रुपयांच्या हिशेबाने.